पुसलेल्या दोन रेघा

मित्रांनो, मी एक जुनी काचपट्टी आहे. बोटभर लांब, नखासारखी पातळ आणि आता अगदी लख्ख. या लख्खपणाचंच मला दुःख आहे. ते कसं, हे तुम्ही ऐकून घ्या.

खोडाळ्याजवळच्या एका शाळेत मी विज्ञानाच्या पेटीतून आले. कांद्याची साल आणि डासाचा पंख, यापलीकडे माझ्या नशिबी काही आलं नव्हतं. पुढे सूक्ष्मदर्शकाचं भिंग हरवलं आणि माझी रवानगी खडूंच्या खोक्यात झाली. तिथून मला बाहेर काढलं सोमीने. सोमी सूर्यमाळच्या एका पाड्यावरची, आठवीत शिकणारी, शाळेच्याच वसतिगृहात राहणारी. वर्गात कधी तोंड उघडायची नाही. तिची बोली ऐकून कुणीतरी हसेल, ही तिला धास्ती.

विज्ञान शिकवणारे हेमंत सर याच भागातले. बाहेरचं कुणी नसलं की तेही मुलांशी घरच्या बोलीत बोलत. ते म्हणाले, "सोमे, हिला चिमणीवर धर. चांगली काळी कर गो."

सोमीने मला चिमणीच्या ज्योतीवर धरलं. माझ्या अंगावर मऊ काजळी बसली. मग तिने दोन ब्लेडं एकमेकांना चिकटवली आणि श्वास रोखून माझ्यावरून एकदाच ओढली. काजळीत दोन बारीक रेघा उमटल्या, इतक्या जवळ की दोनाची एकच वाटावी. माझा खरा जन्म तो.

वर्गाच्या खिडक्या लावून सरांनी बाजारातला लाल लेझर माझ्यावर धरला. दोन रेघा, म्हणजे भिंतीवर दोन ठिपके पडतील असं सगळ्यांना वाटलं होतं. पडले ते पट्टेच पट्टे! एक लाल, एक काळा, पुन्हा लाल. पाण्याच्या दोन लाटा एकमेकींत शिरल्या की कुठे उंच होतात, कुठे विरून जातात, तसं ते होतं. प्रकाश दोन्ही रेघांतून लाट होऊन गेला होता.

सर म्हणाले, "खरी गंमत पुढं हाय. मोठ्या प्रयोगशाळेत प्रकाशाचा एकेक कण सोडतात. भिंतीवर एकेक ठिपका पडतो. पण ठिपके पुष्कळ झाले का परत पट्टेच! आणि कण कंच्या रेघेतून गेला ते तपासायला गेलं, का पट्टे गायब."

"म्हंजे त्याला समजतं, आपन बघतो ते?" सोमीने विचारलं. वर्गातला तो तिचा पहिला प्रश्न.

मग सगळ्यांनी डोळे मिटून पाहिले. मागच्या बाकावरचा फागू तेवढा बोटांच्या फटीतून बघत होता. पट्टे जिथल्या तिथे! सर पोट धरून हसले. त्यांनी बिघडलेल्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरची पातळ फिल्म काढली; ती प्रकाशाला एकाच दिशेने थरथरू देते, उभी धरली तर उभं, आडवी धरली तर आडवं. एका रेघेपुढे तिचा उभा तुकडा आला, दुसरीपुढे आडवा. आता प्रत्येक रेघेतल्या प्रकाशावर आपापली खूण बसली आणि पट्टे पुसट होऊन एक नुसता लाल डाग उरला. डोळे उघडे की मिटलेले, याला काही महत्त्व नव्हतं. आपण कुठल्या वाटेने आलो याची खूण राहिली की प्रकाश पट्टे पाडत नाही.

"जव्हारच्या विज्ञान प्रदर्शनात हे तूच सांगायचं," सर सोमीला म्हणाले. "तुझ्याच बोलीत सांग. मी मागं उभा राहन."

त्या दिवसापासून सोमी मला तळहातावर घेऊन पाण्याच्या टाकीमागे बोलायचा सराव करू लागली. माझ्याशी बोलताना तिचा आवाज मोठा मोठा होत गेला.

प्रदर्शनासाठी प्रयोग निवडायला जव्हारहून शिक्षण खात्याचे साहेब यायचे होते. साहेब येणार म्हटलं की आमच्याकडे काय होतं, ठाऊक आहे ना? झाडांच्या बुंध्यांना गेरू लागतो, पायऱ्यांवर रांगोळी पडते, आणि दिसेल ते पुसलं जातं. हेमंत सर ओलं फडकं घेऊन टेबलाशी आले. मला उचललं, बोटाला लागलेली काजळी पाहिली.

दारातून सोमी ओरडली, "सर, ती पुसू नका! माजी हाय ती!"

"अगं, साहेबांच्या हाताला लागली तर?" सर म्हणाले, आणि त्यांनी मला पुसलं. ज्या हातांनी प्रकाश धरला होता, त्याच हातांनी. याला केसाने गळा कापणं म्हणतात.

टेबलावर आता थर्माकोलचा रंगवलेला ज्वालामुखी होता. साहेब आले, शेजारचा लेझर आणि फिल्म पाहून त्यांनी विचारलं, "हे काय?"

हेमंत सर छापील पुस्तकासारखं बोलले, "प्रकाशाचा प्रयोग होता, साहेब. मुलांना जमला नाही."

सोमी पहिल्याच रांगेत बसली होती. तिने मान खाली घातली. ज्वालामुखी जव्हारला गेला, त्याच्याबरोबर दुसरीच दोन मुलं गेली.

साहेबांची गाडी वळणाआड जाताच सरांची बोली परत आली. "सोमे, परत बनवू गो. ही घे चिमणी."

सोमीने चिमणी घेतली नाही. ती म्हणाली, "सर, आपन बघलं तरी पट्टे जात नव्हते. पन तुमाला कोन बघाया आला, का तुमीच गायब."

ती मला टेबलावरच सोडून निघून गेली आणि त्यानंतर वर्गात पुन्हा बोलली नाही. आता ती मोखाड्याच्या शाळेत आहे म्हणतात.

मित्रांनो, जुन्या वस्तू सांगतात, आम्हाला स्वच्छ ठेवा. मी उलटं सांगते. एखाद्या वस्तूवरचं काळं पुसण्याआधी ते कुणी लावलं हे विचारा, आणि जमलेल्याला जमलं म्हणा, मग समोर कुणीही असो. कधीमधी वर्ग रिकामा असला की हेमंत सर मला कपाटातून काढतात आणि लेझर धरतात. मी काय करणार? मी स्वच्छ आहे. भिंतीवर एकच ठिपका पडतो, आणि सर तो बराच वेळ बघत उभे राहतात.