बँकेतला उंच मुलगा

माझ्या भाचीचं एका नर्सशी लग्न ठरलं. नर्स मुलगी आहे. मला ते पटत नाही, माझ्या धर्मात ते बसत नाही, हे मी भाचीला सकाळी आमचं शिवणाचं दुकान उघडतानाच सांगून टाकलं. आवाज चढवला नाही. तिनेही नाही.

"मावशी, तुझी श्रद्धा मी मोडायला सांगत नाही. फक्त लग्नाला ये."

"कोणत्या तोंडाने येऊ गं?"

"बरं. विचार तर कर," म्हणाली आणि पडदे शिवायला बसली. किती समजूतदारपणे बोललो आपण, म्हणून मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

दुपारी शिक्षिकाबाई कोटाच्या ट्रायलला आल्या. कच्च्या टाक्यांतला कोट त्यांच्या अंगावर, टाचण्या माझ्या तोंडात.

"भाचीचं ठरलं म्हणे! मुलगा काय करतो?"

तोंडातल्या टाचण्या एकेक काढल्या. खरं काय ते बोलायला तेवढा वेळ पुष्कळ होता.

"बँकेत आहे," मी म्हटलं. एकदा खोटं बोलायला लागले की माझा हात आखडत नाही. त्याला उंच केलं, निर्व्यसनी केलं, त्याच्या थोरल्या बहिणीचं लग्नसुद्धा लावून दिलं.

भाचीचं मशीन चालूच होतं. तिने मान वर केली नाही. मला तोंडावर खोटं पाडलं असतं, तर निदान रागावता तरी आलं असतं.

संध्याकाळी मी मागच्या कोपऱ्यात प्रार्थनेला बसते. भाची देव मानत नाही. तरी त्या वेळी माझ्या कानाशी खडखड नको म्हणून ती मशीन थांबवते, सुईखाली शिवण अर्धी असली तरी. आजही थांबवलं.

मी डोळे मिटले. समोर देव नाही, तो बँकेतला उंच मुलगा. लग्नाला नाही म्हणताना देवाला पुढे केलं होतं, खोटं बोलताना मात्र त्याला विचारायचं सुचलं नव्हतं. मला पटत नाही, एवढं शिक्षिकाबाईंना सांगता आलं असतं. मी तर त्या नर्सला पार पुसूनच टाकलं, तेही भाचीच्या देखत. लाज वाटली, फार लाज वाटली.

उठून फोन लावला. "बाई, दुपारी मी खोटं बोलले. बँकेतला मुलगा वगैरे कुणी नाही. मुलगी आहे, नर्स आहे. नाही हो, मला अजूनही पटलेलं नाही. पण लग्न तिच्याशीच आहे आणि मी जाणार आहे."

पलीकडून बाई म्हणाल्या, "बरं. कोटाच्या बाह्या तेवढ्या सैल करा हं."

एवढ्याला घाबरले होते मी.

भाचीकडे बघायचा धीर होईना. "चालू कर मशीन," मी भिंतीकडे बघत म्हटलं.

"तुझी प्रार्थना कुठे झालीय?" तिने मशीनवरचा हात काढून घेतला. "बस तू. मी थांबते."