मी सोनेरी होतो

मित्रांनो, एका बैठ्या घराच्या फाटकाशेजारी उभे असलेले मी एक जुने झुडूप आहे. माणसाच्या छातीइतकी माझी उंची. पाने हिरवीगार, दाट, तुकतुकीत. येणारेजाणारे म्हणतात, काय तब्येत आहे या झुडपाची! त्या तब्येतीवर जाऊ नका. मी हिरवा नव्हतो, मी सोनेरी होतो. ते सोने कसे गेले हे सांगायला मी आज बसलो आहे. झुडपाला बसता येत नाही हे मलाही ठाऊक आहे, पण बोलायची एक रीत असते. आणि ज्यांच्या हातून ते गेले त्यांच्यावर रागावू नका, एवढे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म कचऱ्याच्या ढिगात झाला म्हटले तरी चालेल. एका दवाखान्याभोवती सोनेरी पानांचे कुंपण होते. माळी ते छाटत होता आणि फांद्यांचा ढीग रस्त्याकडेला पडला होता. त्यातून एका बाईंनी वीतभर काडी उचलली. ती काडी म्हणजे मी. बाई घरी कपडे शिवायच्या, त्यामुळे गल्लीत सगळे त्यांना शिवणताई म्हणत. त्यांच्या पिशवीत चिंध्यांना काय तोटा! एक चिंधी भिजवून त्यांनी मला तिच्यात गुंडाळले, घरी आणून तेलाच्या रिकाम्या डब्यात खोचले आणि शिलाई मशीनमागच्या कोपऱ्यात ठेवले.

तिथे मला मुळे फुटली, पानेही फुटली, पण हिरवी. ताईंना वाटले, आपण भलतेच काहीतरी उचलून आणले. त्या डबा कडेवर घेऊन तडक माळ्याकडे गेल्या. माळी हसला.

"ताई, याचं सोनं उन्हात आहे," तो म्हणाला. "सावलीत ठेवलंत तर हिरवंच राहणार. खत फार घालू नका, त्यानंही हिरवं होतं. आणि एखादी हिरवी फांदी जोरात वर आली ना, तर तिची दया करू नका. बुडातून कापा. ती सगळं झुडूप गिळते."

ताईंनी ते मनात पक्के ठेवले. फाटकाजवळ दिवसभर ऊन असे, तिथे खड्डा खणून त्यांनी मला लावले. त्यांच्याकडे दोन कात्र्या होत्या. मोठी, काळ्या मुठीची कात्री कापडाची. तिने कागद कापलेला जरी दिसला तरी घरात भूकंप व्हायचा. दुसरी जुनी, खिळा सैल झालेली. ती माझी. महिन्यातून एकदा ताई ती घेऊन यायच्या, हिरवी फांदी दिसली की बुडातून काढायच्या आणि वर मलाच दटावायच्या, की पुन्हा असले चाळे नकोत.

आणि मग मी असा काही पिवळाधमक झालो, की विचारू नका! गिऱ्हाईक बाया फाटकात थबकून माझ्याकडे पाहत. ताईंनी माझे एक पान दुकानात नेऊन, त्याच्याशी जुळवून कापड आणले आणि लेकीला फ्रॉक शिवला. तो घालून ती माझ्यात लपायची आणि कोणालाही सापडत नसे. निदान सगळे तसे नाटक तरी करत. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले दिवस होते.

घरात तिसरे माणूस होते ते म्हणजे ताईंचे यजमान. ते मासेमारीच्या मोठ्या बोटीवर इंजिन-मिस्त्री होते. समुद्र खवळला की बोट बंदरात बांधून ठेवत, तेवढीच त्यांना सुट्टी. म्हणजे नेमके ढगाळ महिने. त्या महिन्यांत सूर्य दिसत नाही आणि माझाही रंग उतरतो, मी हिरवट होऊन जातो. ऊन पडून मी पुन्हा सोनेरी होईपर्यंत मिस्त्री परत बोटीवर गेलेले असत. सव्वीस वर्षे हे असेच चालले.

ताई त्यांना माझ्या सोन्याबद्दल सांगत नव्हत्या असे नाही. पण बोटीवरून आलेल्या माणसाला घरच्या शंभर गोष्टी सांगितल्या जातात, त्यातल्या दहा लक्षात राहतात. आरामखुर्चीत मिस्त्री डोळे मिटून "हं, हं" करत असत. एकदा ताई वैतागल्या आणि म्हणाल्या, "अहो, तुम्ही याला खरं पाहिलंच नाहीत. एकदा उन्हाच्या दिवसांत या तरी."

"निवृत्त झालो की बघतच बसेन," मिस्त्री म्हणाले आणि झोपी गेले.

मित्रांनो, मी त्या वचनाची वाट पाहत होतो. अखेर मिस्त्री निवृत्त झाले. ढगाळ महिन्यांतच पत्र्याची पेटी घेऊन कायमचे घरी आले. लेक तोवर दूरच्या शहरात नोकरीला लागली होती. दोघेच नवराबायको, आता निवांत राहायचे होते. पण आठच दिवसांत मिस्त्रींना ताईंच्या डोळ्यांत पिवळी झाक दिसली.

आधी डोळे पिवळे झाले, मग नखे, मग तळहात. डॉक्टर म्हणाले, यकृत फार बिघडले आहे, उशीर झाला आहे. ताईंचा पलंग पुढच्या खोलीत, माझ्यासमोरच्या खिडकीशी आणला. मिस्त्री औषधांच्या वेळा कॅलेंडरवर लिहीत आणि दिलेल्या गोळीपुढे खूण करत. रोज सकाळी ताईंचा हात उजेडात धरून ते रंग पाहत. रंग रोज वाढत होता. शेवटच्या आठवड्यात ताईंनी खिडकीतून माझ्याकडे बोट केले.

"त्याला जपा हं," त्या म्हणाल्या. "फार काही लागत नाही त्याला."

"मी आहे ना," मिस्त्री म्हणाले.

काय लागत नाही, हे त्यांनी विचारले नाही. ताईंनाही बोलवत नव्हते. ढग हटायच्या आधीच त्या गेल्या. लेक आली, पंधरा दिवस राहिली आणि डोळे पुसत परत गेली.

मग ऊन पडले. ताई नाहीत, निदान त्यांची इच्छा तरी पुरी करावी म्हणून मी होता नव्हता तेवढा जोर लावला. शेंड्यापासून बुडापर्यंत असा सोनेरी झालो, जसा पूर्वी कधी झालो नव्हतो. आज मिस्त्री मला पाहणार होते. ते चहाचा कप घेऊन बाहेर आले. माझ्याकडे लक्ष गेले तसा कप खाली ठेवून त्यांनी माझे एक पान उजेडात धरले.

"तूसुद्धा?" ते म्हणाले.

मित्रांनो, त्या क्षणी मला तोंड असते तर! मी ओरडून सांगितले असते, की मिस्त्री, मी आजारी नाही, मी असाच आहे, हेच तुम्हाला दाखवायचे होते ताईंना. पण बिघडलेल्या इंजिनाचा दोष नुसत्या आवाजावरून ओळखणारा तो माणूस, आणि मला तर आवाजच नाही.

त्या दिवसापासून माझ्यावर उपचार सुरू झाले. आधी त्यांनी माझी पिवळी पाने खुडली. एकही सोडले नाही. ऊन बाधले असेल म्हणून चार काठ्या रोवून वर ताईंची चादर ताणली. दुकानात जाऊन पाने पिवळी पडल्याचे सांगितले. दुकानदाराने झाड पाहिले नव्हते, त्याने ऐकून पाने हिरवी करणारे खत दिले. त्या खताचे दिवस मिस्त्रींनी त्याच कॅलेंडरवर लिहिले आणि पुढे तशाच खुणा केल्या. हा याचा मूळचाच रंग आहे, हे शेजाऱ्यांना सांगता आले असते. पण बायको गेलेल्या माणसाशी झुडपाबद्दल काय बोलायचे, म्हणून ते खाली मान घालून निघून जात.

मग बुडातून एक हिरवी फांदी उसळून वर आली. ताईंनी ती दोन दिवससुद्धा ठेवली नसती. मिस्त्रींनी तिला काठीचा आधार दिला. आणि माझ्या सोनेरी फांद्या त्यांनी एकेक करून कापल्या, तेही कापडाच्या कात्रीने. कुठली कात्री कशाची, हे सांगायला घरात कोणी नव्हते. तिची धार गेली.

वर्ष सरता सरता मी पुरता हिरवा झालो. एका सकाळी मिस्त्रींनी माझे पान न् पान उलटून पाहिले. एकही पिवळे सापडले नाही. ते तिथेच पायरीवर बसले आणि पहिल्यांदा मोकळेपणाने रडले.

"तिला नाही वाचवता आलं," ते मला म्हणाले. "तुला वाचवलं."

ऊन तापले असताना लेक आली. फोनवर बाबांनी तिला सांगितले होते, झुडूप जरा आजारी होते, आता सुधारले. फाटक उघडून तिने इकडेतिकडे पाहिले. तिची नजर माझ्यावरून सरकून पुढे गेली. लहानपणी ती ज्याच्यात लपायची, तोच मी, पण तिने मला ओळखले नाही.

"बाबा, आईचं झुडूप कुठंय?"

"हे काय समोर," मिस्त्री कौतुकाने म्हणाले. "मरायला टेकलं होतं गं. सगळं पिवळं पडलं होतं, तिच्यासारखं. रोज बघायचो. पण या वेळी मी हरलो नाही."

लेकीने वर ताणलेली चादर पाहिली. मुळाशी खताचे दाणे पाहिले. तिला सगळे कळले. ओठ उघडून ती काहीतरी बोलणार होती. मीही श्वास रोखला. सांग, मुली, सांग. मग तिने बाबांच्या चेहऱ्याकडे पाहिले. किती महिन्यांनी तो चेहरा खुलला होता.

"छान जपलंत, बाबा," ती म्हणाली.

चहा टाकायला म्हणून मिस्त्री आत गेले. लेक गुडघ्यांवर बसून माझ्या फांद्या बाजूला सारू लागली. बुडाशी भिंतीकडे, जिथे चादरीच्या फाटक्या कोपऱ्यातून थोडे ऊन येत होते, तिथे बोटभर सोनेरी फुटवा उरला होता. माझा शेवटचा. तिला तो दिसला आणि तिचा हुंदका बाहेर पडला.

"काय झालं गं?" आतून आवाज आला. "पिवळं राहिलंय का कुठे? काढून टाक बाई, पसरेल."

"हो बाबा," लेक म्हणाली. "काढते."

तिने तो फुटवा खुडला, आईच्या पिशवीतली चिंधी नळाखाली भिजवली, त्यात तो गुंडाळला आणि आपल्या पर्समध्ये ठेवला. चार दिवसांनी ती गेली. तिच्या खिडकीत ऊन येते की नाही, मला माहीत नाही.

मित्रांनो, माझे दुःख सोने गेल्याचे नाही. ज्यांना दाखवायला ते जपले होते, तेच ते पाहून घाबरले, हे माझे दुःख आहे. म्हणून हात जोडून एक मागणे मागतो. घरात कोणाला जपायचे असेल, तर ते माणूस किंवा झाड चांगले असताना कसे दिसते, हे वेळीच पाहून ठेवा. सुट्टी मागून घ्या, पण एकदा उन्हाच्या दिवसांत घरी या.

मिस्त्री अजून रोज सकाळी येतात. पाने उलटून पाहतात. पिवळे एकही नसते. "शाब्बास," म्हणतात आणि समाधानाने आत जातात.