साक्षीची काच

खड्ड्याला खड्डा म्हटलेले मुख्य इंजिनियरला खपत नसे. तीन तळघरे पोटात घेणारा, चारही बाजूंनी काँक्रीटच्या खांबांची सलग भिंत असलेला, आणि काठावरून पाहिले तर तळाशी चालणारी पोकलेन खेळण्यातली वाटावी इतका खोल असा तो प्रकार होता. त्याला तो 'उत्खनन' म्हणे. मजूर मात्र खड्डाच म्हणत, आणि या इंजिनियरला 'ओळंबा' म्हणत. गवंड्याच्या दोरीला टांगलेल्या वजनासारखा तो सदा सरळ; धक्का लागलाच तर थोडा वेळ थरथरायचा आणि पुन्हा जागच्या जागी. हे टोपणनाव आपल्या कानावर आलेले नाही असे तो दाखवी, आणि ते त्याच्या कानावर गेलेले आहे हे आपल्याला कळलेले नाही असे मजूर दाखवत. अशा रीतीने कामावरची शिस्त टिकून होती.

जागा शहराच्या ऐन मध्यात. खड्ड्याच्या एका काठाला अगदी चिकटून एक जुनी चार मजली इमारत उभी होती, आणि तिच्या दुसऱ्या मजल्यावर ओळंब्याची सख्खी आत्या राहत होती. काम अंगावर आले त्या दिवशीच त्याने हे नाते वरिष्ठांच्या कानावर घातले. वरिष्ठ म्हणाले, "उत्तम! निदान एका घरात तरी शिव्यांऐवजी चहा मिळेल." त्यांचा अंदाज निम्माच खरा ठरला. आत्याकडे दोन्ही मिळत.

आत्याच्या बैठकीच्या खोलीत, खड्ड्याकडच्या भिंतीवर, एक जुनी भेग होती. खोदकामाचे पहिले फावडे पडण्याआधी ओळंब्याने त्या भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी बसवली. दोन्ही टोके प्लास्टरमध्ये घट्ट, मधोमध भेग आणि काचेवर त्या दिवसाची तारीख. काच वाकत नाही, ताणली जात नाही, कोणाची भीडही धरत नाही. भिंत केसभर सरकली की ती तडकणार. म्हणूनच कामावर तिला 'साक्षीची काच' म्हणत. काच फुटली तर पंप बंद, खोदकाम बंद, आणि भिंत का हलली याचा छडा लागेपर्यंत सगळे स्वस्थ. एकाच साक्षीदारावर विसंबू नये, म्हणून त्याने भेगेच्या दोन्ही अंगांना एकेक खिळाही ठोकला आणि दोहोंमधले अंतर मोजून पेन्सिलीने भिंतीवरच लिहून ठेवले.

त्यानंतर रोज सकाळी कामावर जाताना तो आत्याच्या दारात उभा राही. उंबऱ्यापलीकडे पाऊल न टाकता काचेकडे पाही, मान हलवी आणि वळे.

"आत ये की रे," आत्या म्हणे.

"बूट चिखलाचे आहेत, आत्या."

"मग काढ. पायाला शिवून घेतलेत का?"

"उशीर होईल."

"जा बाबा, जा. भिंतच तुझी सख्खी आत्या. मी कोण? मी आपली तिच्या शेजारी राहते."

आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, वर्तमानपत्रामागून हसत. आयुष्यभर त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. शहरातली निम्मी दुकाने आतोबांच्या अक्षरात उभी होती, आणि बाकीच्या निम्म्यांच्या पाट्यांकडे पाहून ते रस्त्यात थांबून हळहळत.

दिवस असे चालले होते. खड्डा तळाला लागला. खालून झिरपणारे पाणी उपसायला पंप बसले आणि अहोरात्र घरघरू लागले. तळावर सळ्यांची जाळी विणून झाली. आता तिच्यावर काँक्रीटचा तो जाडजूड थर ओतायचा होता, ज्याच्या पाठीवर उद्याची सगळी इमारत बसणार होती. एकदा ओतायला घेतले की मधे थांबता येत नाही. थांबले तर जुना आणि नवा थर कायमचे वेगळे राहतात. म्हणून ओळंब्याचा नियम होता की ओतकामाच्या आदल्या दिवशी शेजारच्या इमारतींतली प्रत्येक साक्षीची काच जवळ जाऊन, हात लावून तपासायची.

"म्हणजे साहेब आज आत्याबाईंकडे बूट काढणार तर," मुकादम म्हणाला.

"काढणार."

"मोजे बघून घ्या हो. भोक असलं तर आत्याबाई ते तुमच्या लग्नापर्यंत नेतील."

दुपारी ओळंब्याने आत्याच्या दारात बूट काढले आणि आत पाऊल टाकले. इतके दिवस ज्यासाठी आत्या कानीकपाळी ओरडत होती ते घडले, तर तिचा चेहरा खुलायला हवा होता. तो पडला.

"आज? आज कशाला आत? दारातून दिसते की छान."

"आज हात लावून बघायची आहे."

"आधी चहा घे. तोवर ती कुठे पळतेय?"

आतोबांनी वर्तमानपत्र उघडले. ते उलटे होते.

ओळंबा भिंतीजवळ गेला. काच अखंड होती, लख्ख होती, आणि तिच्यावरची तारीख सुरेख होती. तो बराच वेळ तिच्याकडे पाहत उभा राहिला. अवघड गोष्ट हीच होती, की ती तारीख फारच सुरेख होती. त्याचे स्वतःचे अक्षर म्हणजे मुंगी शाईत पडून कागदावर चालून गेल्यासारखे. इथे प्रत्येक आकडा डौलात उभा होता, एकाच उंचीचा, खाली बारीकशी सावली दिलेला.

"आतोबा," तो हळूच म्हणाला, "सावली मी दिली नव्हती."

वर्तमानपत्र थोडे खाली आले. "मी सांगत होतो हिला," आतोबा म्हणाले. "म्हटलं, मला वाईट लिहायला जमणार नाही. पुष्कळ प्रयत्न केला रे. हातच वळेना."

ओळंब्याने काचेचे टोक बोटाने दाबले. ते लोण्यात रुतल्यासारखे सरकले. प्लास्टर नव्हते ते. पाट्यांच्या लाकडातली भोके बुजवायची लांबी होती, अजून मऊच. भिंत वीतभर सरकली असती तरी ही काच तिच्याबरोबर निमूट सरकली असती आणि 'सगळं क्षेम आहे' म्हणाली असती. त्याची नजर वर गेली. तिथे त्याचाच फोटो होता, तंत्रनिकेतनातून पदविका घेतली त्या दिवसाचा. चौकट होती, फोटो होता, काच नव्हती.

"माझी काच काढून माझ्याच भिंतीला लावलीत?"

"मोजून कापली," आतोबा अभिमानाने म्हणाले.

"गप्प बसा हो तुम्ही!" आत्या त्यांच्यावर खेकसली आणि भाच्याकडे वळली. "जळमटं काढत होते. झाडूचा दांडा लागला नि फुटली. तूच म्हणाला होतास ना, काच फुटली की काम बंद? म्हटलं, माझ्या झाडूपायी एवढी मोठी इमारत अडायची! तुझी बोलणी होतील, तुझं नाव खराब होईल. म्हणून यांना बसवलं कामाला."

"कधीची गोष्ट?"

"ते पंप सुरू झाले ना, त्याच दिवशी."

ओळंब्याने मनातल्या मनात दिवस मोजले. पाणी उपसले जाते तेव्हाच कडेची जमीन खचण्याचा धोका सर्वांत मोठा, आणि नेमक्या त्याच दिवसापासून त्याचा साक्षीदार फितूर झाला होता.

"आत्या, खरं सांग. झाडूच लागला?"

"मग काय, फुंकर मारून फोडली?"

"ती आपोआप तडकली असेल आणि माझं काम अडू नये म्हणून तू झाडू पुढे करत असशील."

"असं होय! म्हणजे मी लबाड."

"लबाड नाही. मायाळू. इथे ते जास्त धोक्याचं आहे."

आत्याने पदराने तोंड झाकले. हसू लपवायला की राग, ते कळले नाही. मग ती म्हणाली, "आणि तू रे? इतके दिवस रोज येऊन बघायचास ना? दारातूनच. चार पावलं आत टाकली असतीस तर तेव्हाच कळलं असतं. चहाही झाला असता."

ओळंबा भिंतीकडे वळला. त्याने खिळे शोधले.

खिळे होते, पण कामाला लागले होते. एकावर आतोबांची छत्री होती आणि दुसऱ्यावर कांद्यांची भरगच्च पिशवी. रिकामा खिळा आत्याच्या घरात कधी राहिलाच नव्हता. त्याने छत्री उतरवली, पिशवी उतरवली, खिशातून केसाएवढे अंतर पकडणारे व्हर्निअर काढले आणि एका खिळ्याच्या टोपीपासून दुसऱ्याच्या टोपीपर्यंत माप घेतले. पेन्सिलीने लिहिलेल्या आकड्याशी ते जुळेना. त्याने पुन्हा मोजले. पुन्हा जुळेना. खोलीत पंपांची घरघर एकदम मोठी झाल्यासारखी वाटली. या भिंतीच्या आधाराने वर-खाली किती संसार उभे होते, आणि समोर आत्या कांद्यांची पिशवी पोटाशी धरून त्याच्या तोंडाकडे पाहत होती.

"काय झालं रे?" तिने विचारले. आता आवाजात थट्टा नव्हती.

"थांब." तो वाकला, खरोखरच वाकला, आणि त्याने खिळ्यांकडे बाजूने पाहिले. कांद्यांचा खिळा मान टाकून तिरपा लोंबत होता. टोपी सरकली होती. पण माप टोपीपाशी घ्यायचेच नव्हते. पहिल्या दिवशी त्याने स्वतःच मुळाशी, भिंतीलगत मोजले होते, आणि घाबरून तो तेच विसरला होता. त्याने व्हर्निअरची टोके खिळ्यांच्या मुळाशी टेकवली.

आकडा जुळला. तिथेच पुन्हा मोजल्यावरही तोच आला.

"झाडूच होता," तो म्हणाला.

"मी तेच सांगत होते!" आत्या म्हणाली आणि कांदे जमिनीवर आदळून डोळे पुसू लागली. "मेल्या, जीव घेतलास माझा."

दुसरा कोणी असता तर एवढ्यावर उठला असता. ओळंबा मात्र ओळंबाच होता. ज्या खिळ्याने कांदे वाहिले त्याच्या एकट्याच्या शब्दावर तो ओतकाम करणार नव्हता. नवी काच बसवायची, पंप पूर्ण जोराने चालू ठेवायचे, आणि एक अख्खा दिवस ती टिकते का ते पाहायचे. त्याने वरिष्ठांना फोन लावला आणि चूक काच बदलणाऱ्यांची नसून दारातून पाहणाऱ्याची आहे, असे सरळ सांगितले.

"म्हणजे इतके दिवस तू मला लांबीची साक्ष पाठवत होतास?" वरिष्ठ म्हणाले. मग कॅलेंडर चाळल्याचा आवाज, आणि शेवटी, "एक दिवस घे. आणि त्या पेंटरना विचार, कार्यालयाची पाटी करतील का?"

मग त्याने मुकादमाला फोन करून सगळे सांगितले. "साक्षीदार फितूर? कोणी फितवला, साहेब?"

"माझ्या आत्याने."

पलीकडे कोणीतरी ही बातमी मोठ्याने पुढे सांगितली आणि खड्ड्याच्या तळातून हसण्याचा लोट उठला, तो दुसऱ्या मजल्यापर्यंत नीट ऐकू आला.

नवी काच प्लास्टरमध्ये बसली. "तारीख तुम्हीच लिहा," ओळंब्याने ब्रश आतोबांच्या हाती दिला. "पण सावली नको."

"थोडीशी?"

"बरं, थोडीशी."

मग तो खुर्ची ओढून भिंतीसमोर बसला, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत जेवायला, झोपायला आणि बोलणी खायला तिथेच राहिला. आत्याने त्याला लहानपणापासूनच्या सगळ्या गोष्टी ऐकवल्या. त्यांतल्या बऱ्याच त्याने केल्याच नव्हत्या, पण भिंतीवरून नजर हलवायची नसल्यामुळे वाद घालता आला नाही. मोज्याला भोक होते, हेही सिद्ध झाले. काच तडकली नाही. खिळ्यांचे माप मुळाशी तेच राहिले.

"फोटोला नवी काच आणून देतो," निघताना तो म्हणाला.

"नको. तसाच बरा दिसतोस. काचेत फार शहाणा वाटायचास."

पुढल्या सकाळी ओतकाम सुरू झाले. मिक्सरचे ट्रक रांगेने येऊ लागले, नळीतून काँक्रीट सळ्यांच्या जाळीवर पसरू लागले, आणि खड्ड्याच्या काठावर ओळंबा ताठ उभा राहिला. थर निम्म्यावर आला तेव्हा मुकादमाने त्याच्या कोपराला धक्का दिला आणि वर बोट दाखवले. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत आत्या उभी होती. हातात जळमटांचा लांबलचक झाडू होता आणि त्याचा दांडा आत, भिंतीच्या दिशेने होता.

"आत्या! झाडू!" तो ओरडला.

यंत्रांच्या गोंगाटात तिला काहीच ऐकू आले नाही. भाचा हात हलवतोय एवढे दिसले, म्हणून तिनेही आनंदाने झाडू उंच करून हलवला.

"जा साहेब," मुकादम म्हणाला, "इथलं मी बघतो. फक्त दारातून बघून येऊ नका."

"नाही," ओळंबा पळता पळता म्हणाला, आणि जिन्याशी पोचण्याआधीच एका पायावर लंगडत बुटाची नाडी सोडू लागला.