अकरा वाजताची दिवेलागण

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता आईने दिवा लावलेला पाहून लियात घाबरली. तिचं त्या दिवशी वर्क फ्रॉम होम होतं. चहा करायला ती किचनमध्ये आली, तर सिबिल खिडकीशी बसून काचेच्या पेल्यातल्या वातीकडे बघत होती. बाहेर बर्फ भुरभुरत होता.

"आई, आर यू ओके? शब्बाथला अजून वेळ आहे."

"इथला संध्याकाळी लावीनच," सिबिल म्हणाली. "तिथे आत्ता सूर्य बुडतोय."

तिथे म्हणजे मलावीत, सरोवराकाठच्या एका खेड्यात. नवरा, निसिम, वारल्यावर सिबिलला नॉर्थ यॉर्कच्या या कॉन्डोत करमेना. शिक्षिकेची नोकरी संपली होती. मग ती तिकडच्या शाळेत शिकवायला गेली आणि दोन वर्षं राहून परत आली. लियातला ते मुळीच पटलं नव्हतं. फोनवर ती पाणी, औषधं आणि डास एवढंच विचारायची. सिबिलही तेवढंच सांगायची.

आज मात्र लियातने विचारलं, "शाळा सुटल्यावर काय करायचीस गं तिथे?"

काहीच नाही, सिबिल म्हणाली. अंगणात बसायची. वाटेने जाणारा प्रत्येक जण थांबून विचारायचा, दिवस कसा गेला, आणि उत्तर ऐकल्याशिवाय पुढे जायचा नाही. काठावरच्या मांडवांवर बारीक मासळी वाळत असायची. वारा फिरला की अलिबागच्या लहानपणाचा वास यायचा. सुरुवातीला पाहुणी म्हणून तिला कुणी कामाला हात लावू देईना. मग एक दिवस शेजारच्या एनेलेसीने काही न बोलता तिच्या हातात मुसळ दिलं. दोघी एकाच उखळात आळीपाळीने मका कांडू लागल्या. सिबिलचा ताल चुकला, मुसळावर मुसळ आपटलं आणि सगळं अंगण हसलं. तेव्हापासून पोरं तिला 'अगोगो' म्हणू लागली, म्हणजे आजी.

ज्यू घरात शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथचा दिवा का लावतात, ते एनेलेसीने एकदा विचारून घेतलं. पुढे दर शुक्रवारी तीच कुंपणापलीकडून हाक मारायची, सूर्य चालला म्हणून. पोरं दिव्याभोवती गप्प बसायची. सरोवर तांबूस व्हायचं, मग जांभळं, आणि दूर होड्यांवरचे कंदील एकेक करून लागायचे. पाण्यात कुणी चांदण्या पेरतंय असं वाटायचं.

"अजून हाक मारते ती," म्हणत सिबिलने फोन पुढे केला.

व्हॉइस मेसेज होता. शेळ्यांची बेंबें, लांबून येणारे मुसळाचे ठोके आणि एका बाईचा निवांत आवाज. लियातला शब्द कळले नाहीत. तिने तो पुन्हा लावला, मग आणखी एकदा. मीटिंगची वेळ होऊन गेली तरी ती उठली नाही.

"परत जायचंय तुला?"

"हो. तुला कसं सांगू, ते कळत नव्हतं."

लियातने फोन आईच्या हातात परत दिला. मग म्हणाली, "जुलैत मला व्हेकेशन मिळेल. दोघी जाऊ."

"जुलैत तिथे थंडी असते," सिबिल म्हणाली. "स्वेटर घ्यावा लागेल."

खिडकीबाहेरच्या बर्फाकडे बघून लियात हसली आणि आईशेजारी खुर्ची ओढून बसली.