न घेतलेलं माप

काल्याच्या कीर्तनात आपला सत्कार होणार आहे हे सोनियाला नळावर कळलं, आणि भरलेली कळशी तिच्या हातून निसटता निसटता राहिली.

"शाल, श्रीफळ, वर फोटो," शेजारची सुलाबाई सांगत होती. वाडीतली कुठलीही बातमी आधी सुलाबाईच्या तोंडून बाहेर पडायची, मग ती घडायची. "बुवांच्या हस्ते हाय. भामाबाईनंच सप्त्याच्या मंडळींना गळ घातली म्हणं. माझ्या सोनियानं मला मरणाच्या दारातनं माघारी आणली म्हणाली. मोठी झालीस बाई! आता आमाला वळख तरी दे."

"मला न्हाई पायजे सत्कार-बित्कार."

"बगा गं, कशी लाजतीया!"

लाजत होती हे खरंच होतं. पण सुलाबाईला वाटली तसली ती लाज नव्हती. ही तीन महिने छातीत बसून होती, आणि सोनिया कळशी डोक्यावर घेऊन घराकडं वळली तेव्हा डोक्यावरच्या ओझ्यापेक्षा तीच जड लागत होती.

सोनिया वाडीची आशाताई. कवठे महांकाळच्या पूर्वेला माळावर वसलेली धनगरांची वाडी, मधोमध विठोबा-बिरदेवाचं देऊळ. दिवाळीनंतर तिला एक काम आलं होतं. तिशीच्या पुढच्या प्रत्येक माणसाचा एक फॉर्म भरायचा. वय किती, तंबाखू-मिश्री आहे का, चालणं-फिरणं किती, आईबापाला बीपी-शुगर होती का, आणि कमरेचा घेर किती. प्रत्येक उत्तराला गुण. बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाला आधी तपासणीला धाडायचं. बाईचा घेर ऐंशी सेंटिमीटरच्या आत असेल तर शून्य, नव्वदच्या वर गेला की दोन.

पहिला फॉर्म तिनं स्वतःचाच भरायला घेतला. दार लावून टेप गुंडाळली. सत्त्याण्णव. पुन्हा गुंडाळली, पोट आत ओढून. तरी त्र्याण्णव. मग टेप डब्यात टाकली आणि रकान्यात लिहिलं, एकोणऐंशी. कोण बघायला येतंय?

पण एकदा हात वळला की वळला. स्वतःचं खोटं लिहिलेली बाई दुसरीच्या कमरेला कुठल्या तोंडानं टेप लावणार? शिवाय घरोघरी तीच अडचण. सोप्यात दीर-सासरे बसलेले, त्यांच्या देखत एखाद्या बाईला उभी करून पदर सोडायला सांगायचं, म्हणजे तिची शोभाच. सोनिया नुसती नजर टाकायची आणि दोन-चार नव्हे, पंधरा-वीस सेंटिमीटर कमी करून आकडा लिहायची. बायका खूश, सोनियाही मोकळी.

भामाबाईकडं गेली तेव्हाही हेच झालं. भामाबाई सोनियाच्या नवऱ्याची, सिद्धूची चुलती. सोनिया तिला काकी म्हणायची. वय छप्पन्न. तरुणपणी ही बाई मेंढरांमागं पार कोकणच्या तोंडापर्यंत चाललेली, पाठीला लेकरू आणि डोक्यावर बिऱ्हाड. मग माळाला कालव्याचं पाणी आलं, द्राक्षाच्या बागा आल्या, मेंढरं विकली, लेक सोनं-चांदी गाळायच्या, गलाईच्या धंद्याला दक्षिणेत गेला. बारा कोस चालणाऱ्या देहाला जेवढ्या भाकरी लागत होत्या तेवढ्याच ताटात राहिल्या. चालणं तेवढं गेलं. माळ घातल्यापासून मिश्री सुटली होती, कीर्तन मात्र एक चुकत नव्हतं.

"काय लिवायचं त्ये लिव बाई," भामाबाई त्या दिवशी पाटावरून म्हणाली होती. "मला उटाय लावू नको. गुडघं लय दुकत्यात."

"चालणं हाय न्हवं, काकी?"

"हाय की. देवळापत्तूर रोज जाती."

देऊळ चार घरांपलीकडं. सोनियानं लिहिलं, भरपूर. घेराच्या रकान्यात लिहिलं, अठ्ठ्याहत्तर. बेरीज आली तीन. भामाबाईला तपासणीचं बोलावणं कधी गेलंच नाही.

माघातल्या एकादशीची गोष्ट. देवळात संध्याकाळचं कीर्तन. उपास होता म्हणून साबूदाण्याची खिचडी, तळलेले बटाटे, शेंगदाण्याचे लाडू, असं रोजच्या दुप्पट पोटात गेलेलं. गजराला सगळं देऊळ डोलत होतं आणि टाळ्या वाजवता वाजवता भामाबाईचे हात खाली आले. कपाळावर घाम. जबडा दुखतोय म्हणाली, पाठ भरून आली म्हणाली. बायकांनी सोडा पाजला, पित्त आहे म्हणाल्या. सोनियाला मात्र प्रशिक्षणात ऐकलेलं आठवलं. बायकांचं दुखणं दर वेळी छातीतच उठतं असं नाही. तिनं सिद्धूला जीप काढायला लावली. तासाभरात मिरजेला दवाखान्यात पोचवलं, आणि हृदयाची नळी उघडून काकी वाचली.

एवढं खरं होतं. सत्कार होत होता तो एवढ्याचाच.

तिथल्या डॉक्टरबाईंनी दुसऱ्या दिवशी विचारलं होतं, "बीपी इतका, शुगर इतकी. हे वर्षानुवर्षांचं आहे. कधी कुणी तपासलं नाही?"

तर भामाबाई खाटेवरून, नाकात नळी असतानाही, ठसक्यात म्हणाली, "का न्हाई? ही आमची सोनिया आशाच हाय. तिनं फारम भरला तवा समदं बेस निगालं."

डॉक्टरबाईंनी सोनियाकडं पाहिलं. आवाज चढवला नाही. "ताई, वजन वाढलेली माणसं आता वाडीवस्तीवर घरोघरी आहेत. शहराचं दुखणं राहिलं नाही हे. पोटाभोवती चरबी साठते, मग बीपी चढतो, शुगर चढते, हृदयाच्या नळ्या चोंदत जातात, आणि माणूस म्हणत राहतं, मला कुठं काय झालंय! म्हणून तर तुमच्या हातात टेप दिलीय."

सोनियानं मान हलवली होती. त्यापुढं तीन महिने तिनं काकीला नेमानं गोळ्या दिल्या, पथ्य सांभाळलं, रोज सकाळी बांधापर्यंत चालवून आणलं. भामाबाई वाडीभर तिचे गुण गात सुटली, आणि प्रत्येक गुणगान सोनियाला चपराकीसारखं लागत गेलं.

काल्याच्या आदल्या दिवशी दुपारी ती भामाबाईकडं गेली. घरात दुसरं कुणी नव्हतं. भामाबाई लसूण सोलत बसली होती.

"काकी, त्यो सत्कार बंद करा."

"का गं? शाल चांगली घेतल्यात. मी सोता बगितली."

"मी तुमचं माप घेतलंच न्हवतं." सोनिया उभ्याउभ्याच बोलून गेली. "फॉर्म भरला त्या दिशी. मनानंच अठ्ठ्याहत्तर लिवलं. खरं लिवलं असतं तर तुमाला तवाच तपासणीला बोलावलं असतं. गोळ्या तवाच चालू झाल्या असत्या. मिरजंची पाळी माझ्यामुळं आली."

भामाबाईच्या हातातली पाकळी तशीच राहिली. ती रागावेल, चार शिव्या देईल, अशी सोनियानं तयारी केली होती. पण भामाबाईनं जे विचारलं त्याची तयारी तिनं केलेली नव्हती.

"माझ्या कमरंला हात घालाय किळस आली व्हती का तुला?"

"न्हाई वो काकी!"

"आली आसंल तर सांग. मलाबी येती. न्हानीत बसली की मी सोताकडं बगत न्हाई."

सोनिया तिच्यासमोर खाली बसली. "तुमची न्हाई. माझी मला लाज वाटली. माझं सत्त्याण्णव हाय, काकी. मी एकोणऐंशी लिवलंय. सगळ्या वाडीचं तसंच लिवलंय."

बाहेर देवळाच्या कर्ण्यावर कुणीतरी हॅलो हॅलो करून बघत होतं. भामाबाईनं लसणाची परडी बाजूला सारली, भिंतीला धरून उठली, पदर काढून खांद्यावर टाकला आणि दोन्ही हात वर केले.

"घे आता."

टेप सोनियाच्या पिशवीतच होती. तिनं दोन्ही हात भामाबाईच्या भोवती घातले, तेव्हा तिचा गाल काकीच्या पोटाला टेकला. घामाचा आणि लसणाचा वास आला. आकडा नीट दिसेना, कारण डोळे भरले होते.

"किती?"

"एकशेचार."

"मग एकशेचार लिव," भामाबाई म्हणाली आणि पदर घेतला. "सत्काराचं माझ्याकडं काय बोलू नगंस. माझं खोटं लिवलंस त्ये तू मला सांगितलंस. वाडीचं वाडीला सांग."

काल्याचं कीर्तन मेढ्याच्या अर्जुनाबुवांचं होतं. जावळीच्या डोंगरातला काटक माणूस, पण आवाज असा की मंडपाचं कापड हलावं. गोपाळांनी सोडलेल्या शिदोऱ्यांची कथा बुवांनी अशी रंगवली की म्हातारी माणसं लेकरांसारखी हसायला लागली. "प्रत्येकानं आपलं आणलेलं देवापुढं मांडलं. कुणाचं दही, कुणाचं लोणचं. एक गडी मात्र भाकरी मांडीखाली दाबून बसलेला. का रं? तर ती शिळी! लाज वाटली त्याला. आणि माझा देव कसा? त्यानं दह्याची वाटी बाजूला ठेवली आणि हात घातला तो नेमका त्या मांडीखाली. काला कशाचा होतो, माउली? जे लपवलेलं असतं ते बाहेर आलं की काला होतो."

टाळमृदंग वाजला. सोनिया बायकांच्या घोळक्यात मान घालून बसली होती. टाळ तिच्या कानातच वाजत होते.

मग तिचं नाव पुकारलं. बुवा शाल उलगडून उभे. सोनिया पुढं गेली, बुवांच्या पायाला हात लावला, आणि शालीला हात न लावता माईक मागितला.

"मला ही शाल नको," ती म्हणाली. आवाज कर्ण्यातून असा मोठा आला की तिचीच ती दचकली. "मी दिवाळीनंतर तुमच्या घरी येऊन फॉर्म भरलं. एकाबी बाईचं माप टेपनं घेतलं न्हाई. मनानंच लिवलं. सोताचंबी खोटं लिवलं. भामाकाकीचंबी खोटं लिवलं, म्हणून त्यांचं दुकणं वेळंवर कळलं न्हाई. माफी कुठल्या तोंडानं मागू? मंगळवारी उपकेंद्रात आतल्या खोलीत एकेकीचं माप घेणार हाय. पुरुष कुणी नसतील. पुरुषांचं सिस्टर येगळं घेतील. माझं पयलं घेणार."

कुणीतरी खाकरलं. मागच्या बाजूनं एक पुरुषी आवाज आला, "आणि पगार घेतीया!" दोघं-तिघं हसले. सोनियाचे कान तापले. बुवांना शालीचं काय करावं कळेना. त्यांनी ती घडी न घालताच हातावर धरली आणि हलक्या आवाजात गजर सुरू केला, तेव्हा कुठं तिला खाली उतरता आलं.

महाप्रसादाच्या पंगतीत तिच्याशेजारची जागा रिकामी राहिली. बायका येत होत्या, बघत होत्या आणि दोन पानं सोडून बसत होत्या. शेवटी भामाबाई काठी टेकत आली आणि त्या रिकाम्या जागेवर दमून बसली.

समोरच्या रांगेत सुलाबाई. एरवी तिचं तोंड पंगतीत थांबत नसे. आज ती आपल्या पानातल्या लापशीकडं बघत होती.

"माझं किती लिवलंयस?" तिनं मान वर न करताच विचारलं.

सोनियानं सांगून टाकलं. "शहात्तर."

आसपासच्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. सुलाबाईचा चेहरा लाल झाला. तिनं पानावरून हात फिरवला, वाढप्याला हातानंच नको म्हटलं, आणि विचारलं, "मंगळवारी किती वाजता?"

"धा."

"यीन," सुलाबाई म्हणाली.

सोनियानं घास उचलला. पंगत उठेपर्यंत तिला वर बघण्याचं धाडस झालं नाही.