क्वचित आत जाणारा हात

पत्र्याची पट्टी पुढे सरकली, प्रेसचा दणका बसला आणि कापलेला तुकडा साच्यातच अडकला. प्रेस वर जाऊन पुन्हा खाली यायला निघाली, तोच बनुबाईंची दोन बोटं आत. प्रेस जागच्या जागी थबकली. तुकडा ओढून काढत त्या म्हणाल्या, "साच्याची स्प्रिंग दिवाळीपासनं मोडल्याली हाय, मॅडम. हात घातल्याबिगर निघतच न्हाई."

आराधनाने नकळत त्यांची बोटं मोजली. सुप्याच्या या कारखान्यात सहा वर्षं ती मशीनच्या कंट्रोलरचा प्रोग्रॅम लिहीत होती, पण प्रेससमोर पाच मिनिटं उभी राहिली ती आज पहिल्यांदाच.

प्रेसच्या तोंडाशी न दिसणाऱ्या किरणांचा पडदा होता. हात आडवा आला की प्रेस थांबायची. हात आत आहे का, हे प्रेस खाली येताना दर खेपेला तिचा प्रोग्रॅम तपासायचा. अशा प्रश्नाला दोन वाटा फुटतात. त्यातली नेहमीची कोणती आणि क्वचितची कोणती, हे कंपायलरला, म्हणजे प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरला, सांगून ठेवता येतं. मग तो नेहमीची वाट सरळ आखतो, क्वचितची बाजूला टाकतो आणि प्रोसेसर त्या अंदाजावर बिनदिक्कत धावतो. अंदाज चुकला तर पापणी लवायच्या कितीतरी आत तो मागे फिरतो. त्याने कुणाचं बोट तुटत नाही. पण सांगायचं ते खरं तरी असावं. 'हात आत' या वाटेवर आराधनाने 'क्वचित' असा शेरा मारला होता, तो प्रॉडक्शन मॅनेजर कल्याण औटींच्या शब्दावर. जात असेल महिन्यातून एखाद्या वेळी, असं ते चहा पिता पिता म्हणाले होते. प्रेस फार थांबते अशी ओरड झाली म्हणून तिने परवा हात किती वेळा आत जातो याची मोजणी लावली. एका पाळीत चारशे बारा वेळा, म्हणजे जवळजवळ दर दणक्याला.

तो आकडा घेऊन ती औटींकडे गेली आणि स्प्रिंग बदला म्हणाली. साचा उतरवायचा म्हणजे दोन दिवस काम बंद, ते औटींना नको होतं. त्यापेक्षा हात अर्ध्या सेकंदाहून कमी वेळ आत असेल तर प्रेसने थांबूच नये, एवढं प्रोग्रॅममध्ये करून टाका, असा तोडगा त्यांनी काढला.

"चारशे बारा वेळा हात गेला, मॅडम. कुणाला काही झालं का?"

"प्रेस थांबली म्हणून झालं नाही."

"झालं नाही ना? मग झालं तर."

तिला या माणसाची किळस आली. दर गुरुवारी कामगारांना स्वतःच्या हाताने पेढे वाटणारा माणूस. आणि एसीत बसून त्याचा शब्द उतरवून घेणारी आपण तरी कुठल्या मोठ्या? स्वतःचीही तिला शिसारी आली. तिने नकार दिला आणि जागेवर येऊन 'क्वचित' पुसून 'नेहमी' लिहिलं. प्रेसला त्याने काडीचा फरक पडणार नव्हता. निदान यंत्राशी तरी खोटं बोलायचं नाही, एवढंच.

तिसऱ्या दिवशी औटींनी तिला बोलावून स्क्रीन दाखवली. अर्धी पाळी सरली होती आणि मोजणी शून्य होती. तुमचं आधीचं 'क्वचित'च बरोबर होतं बघा, म्हणाले.

स्प्रिंग बदलली असती तर दोन दिवस प्रेस बंद दिसली असती. आराधना धावतच खाली गेली. पडद्याच्या जोडणीत कुणीतरी पिवळ्या वायरचा तुकडा अडकवला होता. प्रोग्रॅमला आता हात दिसणारच नव्हता. दणका, बोटं आत, दणका, बोटं आत. प्रेस कुठेही अडखळत नव्हती.

"सायेब म्हनले, हात चपळ ठेवा," बनुबाई नजर न हलवता म्हणाल्या.

आराधनाने लाल बटण दाबलं. प्रेस थांबली तशी शेडमधली चारदोन डोकी वळली.

"तुमी गेल्या की परत चालू करत्याल, मॅडम."

"म्हणून तर जात नाही."

तिने एक रिकामा क्रेट ओढला आणि बटणाला पाठ टेकून बसली. वर केबिनच्या काचेत औटी उभे राहिलेले दिसले. बनुबाईंनी हातमोजा काढला. उजव्या हाताची बोटं एकेक करून मिटून उघडून पाहिली. मग ती त्यांनी डाव्या मुठीत धरून ठेवली.