मुका वाढलेला लॉट

लोधिवलीच्या नामाभाऊंच्या कोंबड्यांच्या दोन शेड. दुसरीचे अर्धे पत्रे वादळात उडाले, तेव्हापासून ती रिकामी. तिथेच तिघांचा रॉक बँड सुरू झाला. गिटारवर नामाभाऊंचा ऋषिकेश, ड्रमवर शिळफाट्याच्या टायरवाल्या हसनभाईंचा अब्रार आणि गायला सुरभी. नाव ठेवलं ‘शेड नंबर दोन’. ग्रंथालयातून निवृत्त झाल्यावर मी त्यांना गाणी लिहून द्यायचो. ती गाणी होती की नुसतीच यमकं, हे मला अजून ठरवता येत नाही.

नामाभाऊंची अट एकच. “माज्या पक्ष्यांना तरास नाय झाला पायजे.”

झालाही नाही. शेजारच्या शेडमधल्या प्रत्येक लॉटची, म्हणजे खेपेची, पिल्लं पहिल्या दिवसापासून ड्रम ऐकतच वाढायची.

“आपले पहिले फॅन रं,” अब्रार म्हणायचा.

“तिकीट न काढता येतात आणि टेंपोतून जातात,” सुरभी हसायची.

मग खोपोलीतल्या एका कार्यक्रमाचा व्हिडिओ मोबाईलवर फिरला आणि बोलावणी सुरू झाली. महिनाभर तिघे बाहेरच होते. पुण्यातल्या स्पर्धेची शेवटची फेरी उरली. ती जिंकली तर अल्बम निघणार होता. हरली तर अब्रारने दुकानात बसायचं, असं हसनभाईंनी बजावलं होतं. सरावासाठी ते शेडवर परतले, मीही गेलो.

पहिलं गाणं त्यांनी पूर्ण वाजवलं. स्वतःच्या आवाजात त्यांना दुसरं काही ऐकू आलं नाही. नामाभाऊ हात हलवत धावत आले तेव्हा कुठे ते थांबले.

शेजारच्या शेडमध्ये घाबरलेला अख्खा लॉट एका कोपऱ्यात जाळीला भिडला होता. एकावर एक, थरावर थर. वरचे पक्षी जिवंत होते. आम्ही ते उचलून बाजूला टाकत गेलो. खालचे अजून गरम होते, पण गुदमरून मेलेले.

“आधीच्यांना कधी काय झालं नाय,” ऋषिकेश म्हणाला.

नामाभाऊ तुसावर बसले. “ते तुमचं ऐकून मोठे झाले. तुमी गेल्यावर हा लॉट आला. मुका वाढला रं हा.”

खड्डा खणला, चुना टाकला. हात धुताना सुरभीने हळूच विचारलं, “पुण्याला जायचं ना?”

“त्याला विचार. पयला ठोका त्याचा,” ऋषिकेश म्हणाला.

“आणि ‘आवाज वाढव’ कोण वरडत होता रं?” अब्रारने काठ्या तिथेच टाकल्या आणि तो निघून गेला.

पुण्याला कोणी गेलं नाही. अब्रार दुकानात बसतो. सुरभी पनवेलला नोकरी करते. ऋषिकेश कुंभिवलीच्या कारखान्यात लागला.

नवी पिल्लं आली तेव्हा नामाभाऊंनी अब्रारचा ड्रम त्यांच्या शेडमध्ये आणून ठेवला. रोज संध्याकाळी ते तो वाजवतात. ठेका कधीच जमत नाही.

“कशाला हे?” मी विचारलं.

“पोरं आली परत, तर पक्ष्यांना सवय नको?”

ऋषिकेश त्याच वेळी कामावरून येतो. फाटकाबाहेर गाडी बंद करून उभा राहतो. ठोके थांबले की आत येतो.